दोन उपरण्यांचा सौदा

आण्णासाहेबांच्या घरात स्त्रीवाद शिरला तो चहाच्या वेळी. त्यांची सून सोनाली कळंबला कॉलेजात शिकवायची. तिच्या मैत्रिणी आल्या होत्या. बोलता बोलता सोनाली म्हणाली, "मी तर स्त्रीवादीच आहे," आणि लगेच बिस्किटांची बशी पुढं केली. एखादी बाई मला वांगं बाधतं असं सांगते, तितक्या सहज.

ओसरीवर पेपर वाचणारे आण्णासाहेब वाचायचे थांबले. घरात एवढं झालं आणि कुणाचा चहासुद्धा सांडला नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेवणप्पाला गाठलं. रेवणप्पा वाशीच्या जनावरांच्या बाजारातला दलाल. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि यच्चयावत विषयांवर ठाम मत. त्यानं सांगितलं की असल्या बाया आधी केस कापतात, मग नवऱ्याला भाकरी थापायला बसवतात आणि शेवटी सासऱ्याचं नाव रेशनकार्डावरून उडवतात.

"आन् ही लागण हाय बगा," तो म्हणाला. "एकीला झालं की गोठाभर पसरतंय."

आण्णासाहेबांनी सुनेवर नजर ठेवली. केस होते तेवढेच होते. भाकरी तीच थापत होती आणि तव्यावरची पहिली सासऱ्यालाच वाढत होती. रेशनकार्ड त्यांनी उशीखाली घेतलं होतं, तेही जागेवर होतं. दुसरा कुणी एवढ्यावर निर्धास्त झाला असता. पण आण्णासाहेबांनी उभा जन्म जनावरांत काढलेला. लाळ्या-खुरकुतात जनावर आदल्या दिवसापर्यंत झकास वैरण खातं, हे त्यांना ठाऊक होतं.

तसा प्रश्न सुनेचा नव्हताच. तिचं काय ते तिच्या नवऱ्यानं, अमरसिंहानं बघावं. प्रश्न बायकोचा, द्वारकाबाईंचा होता. इतक्या वर्षांचा बिनबोभाट संसार, आणि आता रोज संध्याकाळी त्या सुनेबरोबर शेंगा फोडत हसत बसायच्या. कशाला हसता विचारलं, तर "काय न्हाय" म्हणायच्या. लागण झालेलं जनावर वेगळं बांधायचं असतं. सुनेला बांधणं शक्य नव्हतं, म्हणून आण्णासाहेबांनी निरोगी तेवढं बाजूला काढायचं ठरवलं.

बाजार नेमका सोनालीच्या सुट्टीच्या दिवशी होता, म्हणजे दोघी दिवसभर एका छपराखाली. त्या दिवशी चंद्री म्हैस विकायची होती. चंद्रीची आई द्वारकाबाईंना माहेरहून आंदण आलेली. चंद्रीला वाढवलं, दुखण्यातून उठवलं तेही त्यांनीच. वैरण पुरत नव्हती, म्हणून विकायला त्यांची ना नव्हती. भाव किती घ्यायचा, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तो आण्णासाहेबांनी आदल्या दिवशीच चहावर रेवणप्पाला कबूल करून टाकला होता, आणि बाजारात आण्णासाहेबांचा शब्द म्हणजे त्यांची निम्मी इस्टेट.

"तू बी चल बाजाराला," ते सकाळी म्हणाले.

"मी? कशाला?"

"म्हशीला सोबत."

द्वारकाबाईंनी ठेवणीतलं लुगडं काढलं.

बाजारातली तऱ्हा जुनी. दोघांचे हात उपरण्याखाली जातात, भाव बोटांनी ठरतो, तोंडातून आकडा फुटत नाही. रेवणप्पानं उपरणं पसरलं. आण्णासाहेबांनी हात पुढं केला. तेवढ्यात चंद्रीचं दावं मनगटाला गुंडाळत द्वारकाबाई म्हणाल्या, "म्हैस माझी हाय. भाव मी करते."

रेवणप्पाचा हात उपरण्यात तसाच राहिला. "वैनी, माझ्या गळ्यात लिंग हाय. परक्या बाईचा हात धरू व्हय? ते बी भर बाजारात, ते बी झाकून?"

गर्दी जमली. कुणी म्हणालं, मग तोंडानं बोला. त्यावर रेवणप्पानं विचारलं की भाव उघड्यावर आला तर दलालांनी पोटाला काय खायचं. अखेर म्हाताऱ्या धुळाप्पानं तोड काढली. बाईचा हात तिच्या मालकानं धरायला हरकत नाही. तेव्हा दोन उपरणी घ्या आणि मध्ये आण्णासाहेबांना उभं करा.

आण्णासाहेब उभे राहिले. उजवा हात रेवणप्पाच्या उपरण्याखाली, डावा स्वतःच्या. लग्नानंतर चारचौघांत बायकोचा हात ते पहिल्यांदाच धरत होते. हात खरखरीत होता आणि पकड अंदाजापेक्षा बरीच घट्ट.

उजवीकडून कालचाच भाव आला. त्यांनी तो डावीकडं पोचवला. डावीकडून नकार आला, आणि वर आणखी बोटं आली. आण्णासाहेबांना घाम फुटला. इकडं दिलेला शब्द, तिकडं बायको. त्यांनी डोळे मिटले आणि उजव्या हातानं होकार दाबला.

रेवणप्पाचा चेहरा फुलला.

द्वारकाबाई उपरण्याकडं नाही, त्याच्या चेहऱ्याकडं बघत होत्या. "मी तर नको म्हनलं," त्या म्हणाल्या. "मग रेवणप्पा कशानं हसाय लागले? तुमचा त्यो हात काय बोलला?"

गर्दीत खसखस पिकली. आण्णासाहेब पुटपुटले, "काल शब्द दिला हुता त्याला."

"कुणाच्या म्हशीचा?"

धुळाप्पा उगाच खोकला. द्वारकाबाईंनी हात सोडवून घेतला आणि चंद्रीचं तोंड घराकडं फिरवलं.

"म्या काय म्हनलं हुतं, आण्णासाहेब?" रेवणप्पा मागून म्हणाला. "ह्योच तो स्त्रीवाद."

एवढं वेगळं ठेवूनही लागण झालीच. आण्णासाहेबांनी चोरट्या नजरेनं बायकोकडं पाहिलं.

"तसलं काय न्हाय, भाऊ," द्वारकाबाई मागं वळून म्हणाल्या. "ते शिकलेल्या बायांचं असतंय. मला कुठलं यायला. माझी निस्ती म्हैस हाय."

आण्णासाहेबांनी केवढा तरी सुस्कारा सोडला.

बाजाराच्या तोंडाशी रेवणप्पानं त्यांना धावत येऊन गाठलं. त्यानंही चंद्रीसाठी पुढं कुणाला तरी शब्द देऊन ठेवला होता. बाजारात शब्द असे एकावर एक रचलेले असतात. उपरणं त्यानं खांद्यावर टाकलं आणि द्वारकाबाईंचा भाव तोंडानं कबूल केला, जरा हळू आवाजात. आण्णासाहेबांचा शब्द तसा राहिला, फक्त आकडा बदलला.

रिवाजाप्रमाणे दावं तेवढं परत आणायचं. ते खांद्यावर टाकून द्वारकाबाई पुढं, आणि बाजाराची पिशवी घेऊन आण्णासाहेब मागं, असे दोघं घरी आले.

सोनालीनं पाणी दिलं आणि विचारलं, "मामा, भाव कुणी केला?"

"तुझ्या सासूनं," आण्णासाहेब म्हणाले. मग उशीखालचं रेशनकार्ड काढून त्यांनी ते पुन्हा कपाटात ठेवलं. "पन ती स्त्रीवादी न्हाय. भर बाजारात खात्री करून घेतलीय."