दूर असलेल्यासाठी एक

रुआनांच्या घरात जपमाळ संपली तरी गुडघे उचलायची मुभा नसे. डिलिया आजीचं शेपूट बाकी असायचं. एक नमो मारियाची प्रार्थना पोपसाहेबांसाठी, एक बोस्टनला गेलेल्या भावंडांसाठी, एक गाभण गायीसाठी, आणि अगदी शेवटी, आवाज एक पायरी उतरवून, "आता एक, दूर असलेल्यासाठी."

"दूर कोण गं आजी?" सात वर्षांची डिम्फना विचारायची.

"माझा भाऊ, फेस्टी. इंग्रजांच्या फौजेतून हिंदुस्थानात गेला. परत नाही आला पोर." आणि एप्रनचं टोक डोळ्यांना लागायचं.

डिम्फना आता बहात्तरची. शाळेतली नोकरी संपली, नवरा देवाघरी गेला, आणि मनात एकच इच्छा उरली: आजीच्या भावाचं, फेस्टीचं नाव घराच्या थडग्यावर यावं. त्या दगडावर घरातले सगळे होते. तळ्यात बुडालेला होता, बोस्टनला मेलेलेसुद्धा होते. हाच तेवढा नव्हता. जुलैतल्या रविवारी सगळं गाव आपापल्या घरच्या कबरींपाशी उभं राहतं आणि फादर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. निदान यंदा तरी ते पाणी त्याच्या नावावर पडावं.

पण कबरीचा कागद होता थोरल्या भावाच्या, मॅलकीच्या नावावर.

"इंग्रज म्हटलं की भडकणारे बाबा ज्या दगडाखाली झोपलेत, त्यावर इंग्रजांचा शिपाई?" मॅलकी म्हणाला. "बाबा उठून बसतील."

"बसू देत. पाठ आखडली असेल त्यांची."

"थट्टा सोड, डिम्फने. कुठे मेला, कधी मेला, पुरावा आण आधी. ऐकीव गोष्टी दगडावर कोरत नाहीत."

म्हणून ती जिल्ह्याच्या ग्रंथालयात गेली. तिथे जुन्या कागदपत्रांच्या कामावर इटा नावाची बाई होती; नाकावर चष्मा, खिशात पेपरमिंट आणि धीर समुद्राएवढा. दोघींनी लंडनहून फौजेच्या कागदांच्या प्रती मागवल्या. त्या आल्या तेव्हा डिम्फनाने आधी कपाळावर, छातीवर क्रूसाची खूण केली आणि मगच पाकीट फोडलं.

फेस्टस रुआन. भरती १९०४, वय एकोणीस. डोळे निळे, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. पुढे सन १९०९, देवळाली छावणीतलं इस्पितळ: उन्हाचा झटका. खाली वेगळ्या शाईत, 'बोलत नाही. रात्र रात्र उभा राहतो.' १९१० साली नोकरीतून मुक्त. शेवटच्या रकान्यात, सुटल्यावर कुठे राहणार? क्लूनाघ.

"हे तर आमचंच घर!" डिम्फनाचा आवाज चिरकला. "परत यायला निघाला होता गं तो!"

मग १९११ची शिरगणती काढली. एप्रिलच्या दोन तारखेच्या रात्री घरात कोण कोण होतं, याचा तो कागद. फेस्टीच्या आईच्या नावापुढे लिहिलं होतं: जन्मलेली मुलं सात, हयात सहा.

"वाटेतच गेला असेल, जहाजावर," इटा हळूच म्हणाली. पण तिचं बोट कागदावरून हललं नाही. "माझी एक खोड आहे बघा. नाव सापडलं नाही की मी बिननावांत शोधते. जिल्ह्याच्या वेड्यांच्या इस्पितळात शिरगणतीच्या त्या रात्री नावं लिहिलीच नव्हती. नुसती आद्याक्षरं."

तिनं तो कागद काढला. बावन्नाव्या ओळीवर फ. रु. वय सव्वीस. धर्म कॅथलिक. लिहिता-वाचता येतं. धंदा: पूर्वी शिपाई.

तीच रात्र. घरापासून अकरा मैल. मंगळवारी रुआनांचं लोणी त्याच गावच्या बाजाराला जायचं.

डिम्फना पुन्हा घरच्या कागदाकडे वळली. खाली बापाचा अंगठा नव्हता, फुली होती. त्याला लिहिता येत नव्हतं. मग ही गोल, टपोरी अक्षरं कोणाची? तिच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला आजीनं दिलेल्या प्रार्थनेच्या पुस्तकात हीच अक्षरं होती: 'माझ्या डिम्फनाला, देव तुला जवळ ठेवो.'

"पंधरा वर्षांची होती हो आजी तुमची," इटा म्हणाली. "बापानं सांगितलं, तिनं लिहिलं."

या काडीच्या आधारावर डिम्फनाने तीन आठवडे काढले. मग इस्पितळाच्या जुन्या दप्तरातून त्याची फाईल आली. त्रेचाळीस वर्षं आणि बोटभर जाडी. भेटायला आलेले: कोणी नाही. पान उलटलं: कोणी नाही. शेवटी जानेवारी १९५३. रुग्ण वारला, देह नेणार का, असं इस्पितळानं बहिणीला विचारलं होतं. उत्तर टाचणीने जोडलेलं होतं.

'महाशय, तिथेच पुरावं. घरात लहान मुलं आहेत. आम्ही रोज त्याच्यासाठी प्रार्थना करतो.'

तीच गोल अक्षरं. आता सांगणारा बाप नव्हता.

त्या लहान मुलांतली एक आपण, हे डिम्फनाला कळलं. अडीच वर्षांची असेल. आणि आणखीही एक गोष्ट कळली, ती विळ्यासारखी आत शिरली. सात पिढ्यांत कोणाचं नाव डिम्फना नव्हतं. बाबांना मेरी हवं होतं. आजी हटून बसली होती. संत डिम्फनेला कोण नवस बोलतं? ज्यांच्या घरात कोणाचं डोकं फिरलेलं असतं ते. आजीनं नात देवापुढे ठेवली, पण अकरा मैल गाडी जुंपली नाही.

मॅलकीनं सगळं ऐकून घेतलं. पावाला लोणी लावता लावता म्हणाला, "शिपाई चालेल मला."

"काय?"

"अगं, हल्ली सगळ्यांनाच शिपाई सापडतायत. गावातल्या त्या डेवनींनी तर आपल्या शिपायाचा फोटो चौकात लावला. तू १९१५ टाक, महायुद्धातलं साल. लोक काय ते समजतील."

"तो त्रेपन्न साली गेला, मॅलकी."

"आणि मधली त्रेचाळीस वर्षं घरचे काय करत होते म्हणून विचारलं, तर?"

"जपमाळ ओढत होते म्हणून सांगेन."

सुरी ताटलीवर आदळली. "आजीनं तुला वाढवलं. तिला गावासमोर उघडी पाडशील? १९१५, नाहीतर काही नाही. कागद माझ्या नावावर आहे."

दोन दिवस डिम्फना देवाशी भांडली. तिसऱ्या दिवशी तिनं दगड कोरणाऱ्याला फोन केला. "राहू दे. खोटं साल कोरण्यापेक्षा काहीच नको." फोन ठेवला आणि मग तिच्या ध्यानात आलं, बापानं वगळला, बहिणीनं वगळला, आता तिसरी मी. माझं कारण तेवढं चांगलं होतं. त्यांचीही चांगलीच असतील.

जुलैचा रविवार स्वच्छ उजाडला. फादर पाणी शिंपडून पुढच्या कबरीकडे गेले. मग घरच्या रीतीप्रमाणे मॅलकीनं जपमाळेच्या दहा मण्यांचं एक दशक सांगितलं आणि सवयीनं, आजीच्याच चालीत, शेपूट जोडलं. पोपसाहेब. बोस्टनचे. आणि आवाज एक पायरी उतरवून, "आता एक, दूर असलेल्यासाठी."

सगळ्यांनी सुरू केलं, नमो मारिया. डिम्फनाचे ओठ हलले नाहीत. ती दगडावरची आजीची आणि तिच्या भावंडांची नावं मोजत होती. सहाच भरली. सात व्हायला हवी होती.