चार हातांची आत्याबाई

मी एक जुनी यंत्रबाई आहे. शस्त्रक्रिया करणारा रोबो म्हणतात ना, तोच माझा प्रकार. मित्रांनो, ही हकिगत २०११ सालची. तेव्हा मी नवीकोरी होते, आणि माझा तोरा काय विचारता!

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथली माणसे डोक्याला टोप्या घालून, शिंकसुद्धा बाहेर जाऊन देत. त्यांनी मला चार लांब हात दिले. एका हातात कॅमेरा आणि बाकीच्यांत कात्री, चिमटा, सुई. माझी मनगटे तुमच्या मनगटांपेक्षा जास्त वळतात. डोके मात्र मला दिले नाही. ते डॉक्टरांनी आणायचे. खोलीच्या कोपऱ्यात माझी एक पेटी असते. डॉक्टर तिच्यात डोळे घालून बसतात, बोटे हलवतात, पायाने पट्ट्या दाबतात, आणि तिकडे टेबलापाशी माझे हात हलतात.

मी बायकांच्या आजारांच्या विभागात रुजू झाले. तिथल्या मुख्य नर्सने मला बघताच कपाळाला हात लावला. "अगं बाई, ही तर आत्याबाई! आल्या आल्या सगळी खोली अडवून बसली."

तेव्हापासून मी आत्याबाईच झाले. नर्सचे म्हणणे काही खोटे नव्हते. माझ्यासाठी दार रुंद करावे लागले. मला निर्जंतुक आवरणे चढवून तयार करण्यातच बराच वेळ जाई. माझी किंमत एवढी, की रुग्णालयाचे साहेब माझ्याजवळून जाताना धक्का लागू नये म्हणून पोट आत ओढून घेत.

पण काम म्हणाल तर नाव ठेवायला जागा नाही! बाळ जिथे वाढते त्या पिशवीला गर्भाशय म्हणतात. त्यातली गाठ काढायला पूर्वी बहुधा पोटावर वीतभर चीर द्यावी लागे. मी आले आणि बोटाच्या पेराएवढ्या चार-पाच छिद्रांत काम भागू लागले. रक्त कमी जाई, दुखणे कमी होई, आणि बायका लवकर घरी जात. आमच्या डॉक्टरबाई चपला काढून, ठिपक्याठिपक्यांचे मोजे घालून पेटीपाशी बसत आणि तासन्‌तास टाके घालूनही ताठ मानेने उठत. "आत्याबाई आल्यापासून एकदाही पोट उघडावं लागलं नाही," हे त्या भेटेल त्याला सांगत. मीही ऐकून फुगत असे.

मग एक टपालवाली आली. सायकलवरून पत्रे वाटणारी, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. तिच्या गर्भाशयात गाठी होत्या. कर्करोगाच्या नव्हत्या, पण रक्त जाऊन जाऊन ती चढावर सायकल हातात धरून चालू लागली होती. तिला मूल हवे होते, म्हणून गर्भाशय राखून फक्त गाठी काढायच्या होत्या. सोबत तिची नणंद होती.

"वहिनी, असे चार हात आपल्या घरात असते तर किती भांडी घासून झाली असती!" नणंद म्हणाली.

"चार हात असते तर तुम्ही चारी कमरेवर ठेवून उभ्या राहिला असता," टपालवाली म्हणाली. दोघी हसल्या. मग तिने डॉक्टरबाईंचा हात धरला. "बाई, भोकं पाडा नाहीतर चीर द्या, माझी ना नाही. पण गाठ आत ठेवू नका. पुन्हा या टेबलावर यायची माझी छाती नाही."

शस्त्रक्रिया सुरू झाली. मोठ्या गाठी मी हां हां म्हणता सोडवल्या. पण आधीच्या तपासणीत आणखी एक बारीक गाठ दिसली होती, भिंतीच्या आत खोल दडलेली. ती काही सापडेना. डॉक्टरबाईंनी माझ्या चिमट्याने इथे दाबले, तिथे दाबले. मला कॅमेऱ्यातून सगळे दहापट मोठे दिसत होते. पण मित्रांनो, मऊ काय आणि कठीण काय, हे माझ्या हातांना कळतच नाही.

"काही लागतंय का, बाई?" नर्सने टेबलापासून विचारले.

"सगळं स्वच्छ दिसतंय."

"दिसतंय हो. पण लागतंय का?"

डॉक्टरबाईंनी चिमट्याने आणखी एकदा दाबून पाहिले. मोज्यातला एक पाय नुसता हलत राहिला. एवढे दिवस मिरवलेली गोष्ट एका वाक्यात सोडायची म्हणजे जिवावर येतेच. मग डॉक्टरबाईंनी मान वर काढली. "तिनं काय सांगितलं होतं?"

"गाठ आत ठेवू नका म्हणून."

"मग सोडवा आत्याबाईला."

माझे हात सोडवून मला भिंतीकडे ढकलले गेले. मला फार लागले, पण सांगणार कोणाला? डॉक्टरबाई हात धुऊन, हातमोजे घालून आल्या. पोटावर एक छोटी चीर दिली, दोन बोटे आत घातली आणि डोळे मिटले.

"ही बघा लबाड!" त्या ओरडल्या. "वाटाण्याएवढी आहे, आणि अख्ख्या खोलीला नाचवलंन!"

संध्याकाळी टपालवाली शुद्धीवर आली. "काय हो, भोकं सांगून खिडकीच पाडलीत?"

"घरी जायला चार दिवस जास्त लागतील. रागावलात?"

"गाठ आहे का आत?"

"नाही."

"मग राहू दे खिडकी. हवा येईल."

पुढे तिला मुलगी झाली. ती आता आईपेक्षा वेगाने सायकल चालवते आणि आईपेक्षा जास्त बोलते. नणंद त्या मुलीची इतकी लाडकी झाली, की वहिनीलाच तिचा हेवा वाटतो. नर्स निवृत्त होऊन बागेत रमली. साहेबांनी माझ्याहून सडपातळ नवे यंत्र आणले आणि मला शिकवण्याच्या खोलीत पाठवले.

डॉक्टरबाई आता तिथे शिकवतात. दरवर्षी नवी मुले आली, की त्या कणकेच्या गोळ्यात एक मणी दडवतात. मुले आधी माझ्या हातांनी शोधतात. गोळ्याची चाळण होते, मणी सापडत नाही. मग बोटांनी शोधतात, आणि क्षणात ओरडतात, "सापडला!"

पहिल्या वर्षी मला राग आला होता. आता त्यांच्याबरोबर मलाही हसू येते. मित्रांनो, माझ्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसा, माझ्या वायरी मुडपू नका, मला कामाला लावा. मी अजून पुष्कळ करू शकते. फक्त मला जे जमत नाही ते माझ्याकडून करून घेण्याचा हट्ट धरू नका. तेव्हा मला खुशाल भिंतीकडे ढकला. मी रुसणार नाही.