हो किंवा नाही

कुत्रा घरात आला त्या संध्याकाळीच आईने ठणकावून सांगितलं, "पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी एक तर तो राहील, नाहीतर मी."

लेकीने मान डोलावली आणि फ्रीजच्या बाजूला खिळ्याला वही टांगली. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. गावभरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून येई आणि मीटर दाखवेल तो आकडा ती लिही. सहा वर्षांत तिने एकही नोंद खोडली नव्हती. साहेबांनी एकदा एक आकडा 'जरा बरा' करायला सांगितला, तेव्हा भरलेला तक्ता बदलता येत नाही, असं तिने त्यांना तोंडावर ऐकवलं होतं. तेव्हापासून सगळे तिला 'तराजू' म्हणत, घरीसुद्धा.

भटक्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून कुत्रं एकदम देत नसत. आधी पंधरा दिवस सांभाळायला द्यायचं. सांभाळणाऱ्याने रोज वही लिहायची, शेवटी एक छापील तक्ता भरून द्यायचा आणि मग ते त्याच घरी ठेवायचं की नाही ते समिती ठरवणार. तराजूला ही पद्धत फारच आवडली.

कुत्रा तपकिरी, पाचेक वर्षांचा, एक कान मोडलेला. आल्या आल्या त्याने खाटेखाली, कपडे धुण्याच्या यंत्रामागे, अगदी आईच्या चपलेतही नाक घालून बघितलं.

"तपासनीस आलाय," आई म्हणाली. "तुझ्याच खात्यातला दिसतो."

हेच नाव चिकटलं. तराजूने त्याचं गुरगुरणं मोजायला घेतलं. पहिल्या दिवशी अकरा वेळा, दुसऱ्या दिवशी नऊ, पाचव्या दिवशी दोन, आठव्या दिवसापासून शून्य. तिने त्याचा आलेखही काढला. आईच्या दुखऱ्या गुडघ्यांचा आलेख कोणी काढला नव्हता, पण तपासनिसाला तो पाठ झाला. जिन्यात एक पायरी चढायचा, थांबायचा, मागे वळून बघायचा आणि आईचा पाय वर आला की पुढची चढायचा.

"मी काही बोलावलं नव्हतं हं त्याला," आई म्हणायची. तो तिच्या पावलांवर हनुवटी टेकून झोपलेला असायचा आणि ती पाणी प्यायलासुद्धा उठायची नाही.

बाराव्या दिवशी त्याच्या पंजात काच घुसली. तराजूने प्रयोगशाळेतला चिमटा आणला, आईने डोकं धरलं. काच निघताना तो कळवळून वळला आणि त्याचा दात तराजूच्या मनगटाला लागला. रक्त नाही, नुसता लाल खड्डा. तो वीस मिनिटांत गेला, तिने घड्याळ लावून बघितलं होतं. तोवर तपासनीस ते मनगट चाटत बसला होता. तिने सगळं वहीत लिहिलं.

पंधराव्या दिवशी तक्ता भरताना एक रकाना आला. 'चावला का? हो / नाही.' पुढे लिहायला जागा नव्हती.

"नाहीवर खूण कर," आई म्हणाली.

"दात लागला ना, आई."

"दात लागला म्हणजे चावला का? जेवताना माझी जीभ रोज दाताखाली येते, मी काय स्वतःला चावते?"

तराजू हसली आणि तिने 'हो'वर खूण केली. वही सोबत जोडलेली होतीच. वाचतील ना.

समितीचा निर्णय सांगायला निवारा सांभाळणाऱ्या काकांनी तिला कुत्र्यासकट बोलावलं. कागद पुढे करताना त्यांनी मान वर केली नाही.

"चावलेलं कुत्रं सत्तरीपुढचं माणूस असलेल्या घरी देत नाहीत, ताई. तुम्ही अर्जात आईंचं वय एकाहत्तर लिहिलंय."

"पण वही वाचली का त्यांनी? काच होती पायात!"

"अर्ध्या तासात चाळीस तक्ते बघतात ते. वही कुठे वाचतात? रकाने बघतात."

"मग मी तक्ता पुन्हा भरून देते."

"भरलेला तक्ता बदलता येत नाही."

हे वाक्य तिला तोंडपाठ होतं.

काका हळूच म्हणाले, "सगळे 'नाही'च लिहितात हो. मागे एकाच्या हाताला टाके पडले होते, त्यानेसुद्धा 'नाही' लिहिलं. इतकं खरं कोण लिहितं?"

तपासनिसाचा पट्टा तिथेच काढून द्यावा लागला.

घरी आई एवढंच म्हणाली, "नातेवाइकांत मी अजून पासष्टचीच आहे. तुला तिथे कोणी दाखला मागितला होता?" मग तिने तपासनिसाच्या भांड्यातलं पाणी मोरीत ओतलं आणि भांडं पालथं घातलं.

आठवड्याने तराजू निवाऱ्यात गेली. निघताना आईने तिच्या पिशवीत आपली जुनी चप्पल कोंबली होती. "टाकून दे त्याच्याजवळ. वास घेत बसेल."

तपासनीस शेवटच्या रांगेत होता. पिंजऱ्यावर लाल चिठ्ठी होती, म्हणजे जाळीला हात लावायचा नाही आणि आत काही टाकायचंही नाही. ती दिसायच्या आधीच तिच्या पावलांच्या आवाजाने तो कुंई कुंई करू लागला होता. त्याने आपली सगळी कूस जाळीला दाबून धरली आणि केस चौकटीचौकटीतून बाहेर आले. मग पिशवीचा वास आला आणि तो एकदम शांत बसला. तिच्याकडे बघेना, तिच्या मागच्या दाराकडे बघत राहिला. आई नेहमी पायऱ्यांवर मागे राहायची. तराजू निघाली तेव्हाही तो दाराकडेच बघत होता.

आई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होती.

"भेटला?"

"हो."

"मला शोधत होता का गं?"

तराजूने पिशवीतून चप्पल काढली आणि दाराशी जोडीच्या चपलेशेजारी नीट ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही. मजेत आहे. इतर कुत्र्यांत रमलाय."

आईने परत आलेल्या चपलेकडे बघितलं. मग कठड्याला धरून उठली.

"जमतं की तुला," ती म्हणाली. "आठवडा उशीर झाला, एवढंच."