उलट्या शिवणीची बंडी

खट्! पत्र्याच्या ट्रंकेची कडी उघडली आणि घरातली दुपारची शांतता मोडली. भामाबाईंनी मला बाहेर काढलं.

मित्रांनो, मी एक जुनी बंडी आहे. पण तेव्हा मी पांढरी सुती साडी होते. त्यांची सून भारती लग्नात मला नेसली होती. पुढं धुऊन धुऊन मी सायीसारखी मऊ झाले.

भारतीच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं. आता रोज कोपरगावहून एसटीनं शहरातल्या दवाखान्यात जाऊन किरणांचे उपचार घ्यायचे होते. गावात त्याला शेक म्हणतात. सिस्टरांनी बजावलं होतं, "कातडी नाजूक होईल. घट्ट कपडा नको, ऊन नको. विचारल्याशिवाय काही लावायचं नाही. कातडी फुटली तर शेक मध्येच थांबवावा लागेल."

म्हणून भामाबाईंनी मला कापून सैल बंडी शिवली. शिवणी सगळ्या बाहेर, मऊ बाजू आत.

दवाखान्यात मला खुंटीवर अडकवून भारती जाड दाराआड जायची. आत काय असेल? जाळ नाही, धूर नाही, तरी हळूहळू तिची कातडी लाल होऊ लागली. तीही डॉक्टरांनी आखलेल्या जांभळ्या रेघांच्या आतच! हा कसला विस्तव, मला काही उमगेना.

एकदा नळावर शेजारच्या साळूबाईंना माझी शिवण दिसली.

"अगं बया, बंडी उलटी! शेकानं डोकं बी उलटं झालं का काय?"

बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी मी घरीच राहिले. भारती हुकाचं घट्ट झंपर घालून गेली आणि काखेत सोलपटून आली. डॉक्टर म्हणाले होते, "आणखी सोललं तर थांबावं लागेल."

भामाबाई हळद-तुपाची वाटी घेऊन धावल्या.

"न्हाई आत्या, विचारल्याबिगर न्हाई," भारतीनं सासूला थांबवलं.

वाटी खाली ठेवून त्यांनी मला उचललं. "मग हिला तरी घाल. कुनी हसलं तर हसू दे."

नळावर साळूबाई पुन्हा हसल्या, तेव्हा भामाबाई म्हणाल्या, "शिवन टोचायचीच तर बघनाऱ्याला टोचू दे. माझ्या सुनंला न्हाई."

साळूबाई संध्याकाळी स्वतःचं विरलेलं लुगडं घेऊन आल्या. "ह्याची बी एक शिवा. धुण्यात गेली तर बदलायला हुईल."

मग आम्ही दोघी बंड्या आळीपाळीनं भारतीच्या अंगावर राहिलो. कातडी काळवंडली, पण आणखी सोलली नाही. शेक एकही दिवस थांबला नाही.

मित्रांनो, आजारी माणसाच्या अंगावर काही वेगळं दिसलं तर हसू नका. असं का, ते आधी विचारा. दुखऱ्या अंगाला काय सोसतं, हे त्यालाच ठाऊक असतं.

शेवटच्या शेकाहून भारती घरी आली. नाजूक कातडी दुखेल म्हणून छोट्या वृषालीला इतके दिवस आईला बिलगायची बंदी होती. आईनं तिला आपल्या बऱ्या बाजूला, अलगद जवळ घेतलं. वृषालीनं माझ्या बाहेरच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि वर पाहिलं.

"आई, आता ती गाठ परत कधीच येनार न्हाई ना?"