सासूबाईंचं चाक

आमच्या सासूबाई डावखुऱ्या. त्यामुळे घरचं मातीकामाचं चाकही उलटं फिरतं. कुणी दिशा बदलू नये म्हणून त्यांनी बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. कुणी म्हणजे मी. घरात तिसरं माणूस माझा नवरा, आणि तो भट्टीपलीकडे कशाला हात लावत नाही.

हातभर रुंदीची मोठी ताटं फक्त त्यांनी काढायची. मी माती मळायची आणि कपांना कान लावायचे. माहेरी मीही चाकावर बसायची, पण ते इथे कुणी विचारलं नाही.

हल्ली ताटं वाळताना मधोमध तडकायला लागली होती. मोठ्या ताटाचा तळ तळव्याने चांगला जोर लावून दाबावा लागतो, आणि सासूबाईंच्या मनगटात तो जोर राहिला नव्हता. मला दिसत होतं. पण त्यांचं एकच पालुपद, "तुझं मळणंच कच्चं." नाचता येईना, अंगण वाकडं, आणि अंगण म्हणजे मी.

एका सकाळी त्यांनी माती स्वतःच मळली.

"आता हे ताट तडकलं, तर चाकावरून उठेन. कायमची."

"बरं, आई," मी म्हणाले. मनात म्हटलं, घोडामैदान जवळच आहे.

ताट काढताना त्यांनी तळावरून तळवा नुसताच फिरवला, जोर लागलाच नाही. दुपारी त्या आडव्या झाल्यावर मी पट्टी सोडवली, चाक माझ्या दिशेला वळवलं आणि उरलेल्या त्याच मातीतून तेवढंच मोठं ताट काढलं. महिनोन्‌महिने बोलणी खाल्ली होती. दोन्ही ताटं शेजारी ठेवून एकदाचा निकाल लावायचा होता. बटण पूर्ववत केलं, पट्टी परत चिकटवली आणि ताट मागच्या मांडणीवर फडक्याखाली लपवलं.

वाळल्यावर बघितलं. त्यांच्या ताटाला मधोमध बारीक चीर गेली होती. माझं धड होतं. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. बाहेर नळावर त्या स्पंज धूत काहीतरी गुणगुणत होत्या, आणि मला एकदम भीतीच वाटली. चाकावरून उठलेल्या सासूबाई या घरात बसणार कुठे, तेच मला कळेना. मी ताटं बदलली. त्यांचं मोडून बादलीत टाकलं.

त्या आल्या. ताट उजेडात धरलं.

"बघ. नाही तडकलं."

"नाही तडकलं, आई."

मग सवयीने त्यांनी ताटाच्या मध्यावर बोट ठेवलं आणि घडवताना उमटलेल्या गोल रेघेवरून बाहेर नेऊ लागल्या. बोट एकीकडे निघालं, रेघ दुसरीकडे गेली. चाक ज्या बाजूला फिरतं तशी रेघ वळते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. गडबडीत डोक्यातच आलं नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बादलीकडे बघितलं, म्हणजे आणखी एक शहाणपणा.

"तळ चांगला दाबलायस," एवढंच म्हणून त्यांनी ताट जागेवर ठेवलं आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले तर त्या कोपऱ्यातल्या फळीवर माती मळत होत्या. बटणावर पट्टी नव्हती. बटण माझ्या दिशेला वळवलेलं होतं.

"बस," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आणि मळणं कच्चं म्हणालीस, तर बघ."