वाटाण्याचं फूल

लंडनजवळ हॅकनीच्या आमच्या मुलींच्या निवासी शाळेत धाकट्या मुलींना टाके शिकवायला एक मदतनीस नेमायची होती, आणि ती मीच होणार हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. वडिलांनी कळवलं होतं, पुढची फी जमणार नाही. मदतनीस झाले तर इथे राहायचं, नाहीतर घरी जाऊन सावत्र आईची पोरं सांभाळायची.

वसंतात लंडनहून मिस्टर ॲव्हरेल साटिनवर भरतकामाची फुलं रेखून द्यायला आले. दरवर्षी तेच गुलाब! मी बेधडक माझा कागद त्यांच्यापुढे सरकवला. शाळेच्या परसात बसून काढलेलं वाटाण्याचं फूल होतं त्यावर, मान खाली घातलेलं, शेजारी किडीनं कुरतडलेलं पान. माझी वर्गमैत्रीण लेटिस तेव्हा अख्खी दुपार माझ्या शाईवरच्या माश्या हाकलत बसली होती. हात बरा आहे, मिस्टर ॲव्हरेल म्हणाले, आणि कागद खिशात टाकला. आठवडाभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

ऑगस्टमध्ये परीक्षेचं साटिन आलं; याच परीक्षेवरून मदतनीस ठरणार होती. प्रत्येकीच्या तुकड्यावर वाटाण्याचं फूल. माझंच, फक्त मान ताठ केलेली आणि पान गुलाबाचं. भरतकाम शिकवणाऱ्या हेक्समबाई म्हणाल्या, मिस्टर ॲव्हरेलांची ही नवी कल्पना आहे, रेघेबाहेर टाका जाता कामा नये.

मी रेघा बुजवून फुलाची मान वाकवली. पानही कुरतडलेलं भरलं, दोन हिरव्या रेशमांत.

"थॉमसिन, हे नमुन्यात नाही," बाई म्हणाल्या.

"वाटाणा असाच असतो, बाई. आणि नमुना माझाच आहे, त्यांनी माझ्या कागदावरून उतरवलाय."

बाई हसल्या, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मग दाखव कागद."

कागद लंडनला. मी म्हटलं, लेटिसला विचारा, ती शेजारीच होती. बाईंनी विचारलं. लेटिसचं फूल रेघेवर रेघ, खराट्यासारखं ताठ झालं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मला नाही आठवत, बाई."

मदतनीस लेटिस झाली. साटिन महागाचं, म्हणून माझं फूल उसवायचं ठरलं आणि लेटिसला लक्ष ठेवायला माझ्याजवळ बसवलं. टाके निघत गेले तशी खालून ती ताठ रेघ दिसू लागली.

"हळू ओढ गं," ती म्हणाली, "साटिन फाटेल."

मी हळू ओढलं.