कफ्र शरीफ़ाचं फाटक

"एकोणीस वर्षांत फाटक किती वेळा उघडं राहिलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"एकदाही नाही," बस्यूनी म्हणाला.

"एकदाही नाही?"

"नाही. त्याचीच तर भीती वाटते, डॉक्टरबाई."

डॉ. नर्गिस वहबांनी पेन खाली ठेवून समोरच्या माणसाकडे नीट पाहिलं. सत्तेचाळीस वर्षांचा, काटकुळा, कफ्र शरीफ़ाच्या रेल्वे फाटकावरचा, निळ्या सदऱ्यातला माणूस. आल्यापासून त्याने टेबलावरची टाचणी तीनदा उचलून तीनदा ठेवली होती आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. तांता शहरातल्या या दवाखान्यात, चष्म्याच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर, लक्ष लागण्याची गोळी मागायला येणारे लोक त्यांना नवे नव्हते. त्यात निम्मे सहा आसनी गाड्यांचे चालक असत. त्यांना लक्षाशी काही देणंघेणं नसे, रात्रभर जागून फेऱ्या मारायच्या असत.

"तुम्हाला या आजाराचं नाव कुणी सांगितलं?"

"मुलीनं. हुवैदा शाळेत शिकवते. त्यांना एक दिवस प्रशिक्षणाला बोलावलं होतं, चंचल पोरांबद्दल. संध्याकाळी घरी आली ती हसतच. म्हणाली, बाबा, आज तीन तास सगळे तुमच्याबद्दलच बोलत होते."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "असं मोठेपणी अचानक होत नाही. बारा वर्षांच्या आतलं काही सांगणारं कुणी आहे का?"

"बायको आहे बाहेर. माझ्या चुलत्याचीच मुलगी. लहानपणापासून बघतेय मला."

इनशिराह आत आली ती डोक्यावरचा रुमाल सावरतच. खुर्चीवर बसायच्या आधीच सुरू झाली. "काय सांगू बाई! याला आईनं खमीर आणायला पाठवलं तर हा संध्याकाळी परत आला, हातात बदकाचं पिल्लू! खमीर कुठाय विचारलं तर म्हणे, कुठलं खमीर? शाळेत मास्तर याला खिडकीपासून लांब बसवायचे, तर हा भिंतीकडे बघत बसायचा. लग्नात काझीनं तीनदा विचारलं कबूल आहे का. मी मेले लाजून. हा छताच्या पंख्याची पाती मोजत होता."

"आणि आता?"

"आता काय, दोन किटल्या जाळल्या यंदा. हुवैदा चार वर्षांची असताना तिला जत्रेत विसरून हे घरी आले, आणि वर मलाच विचारतात, पोरगी कुठाय? माणूस वाईट नाही हो. घरातच असतो, पण घरात नसतो."

डॉक्टरबाईंनी बरंच काही लिहून घेतलं. मग विचारलं, "हे सगळं विसरता, आणि फाटक मात्र विसरत नाही. याचा अर्थ हातांना सवय झालीय. मन भटकतं, हात काम करतात. मग औषध कशाला?"

बस्यूनीने पुन्हा टाचणी उचलली. "तरी द्या. फक्त एक आहे. आमच्याकडे साहेब कधीही येतात आणि लघवीसाठी बाटली हातात देतात. तीत काही सापडलं की माणूस त्याच दिवशी घरी. तसली गोळी नको."

हे ऐकल्यावर मात्र डॉक्टरबाईंचा चेहरा निवळला. झिंग हवी असलेला माणूस हे बोलला नसता.

"तसली नाही देत. ही वेगळी आहे. हळूहळू लागू पडते, महिनाभर लागेल. तोंड सुकेल, भूक मरेल." रक्तदाब बघून त्यांनी कागद ओढला. मग सवयीने शेवटचा प्रश्न विचारला, "नसलेलं काही दिसतं का? कुणाचं बोलणं ऐकू येतं?"

"नाही," बस्यूनी म्हणाला.

तो खोटं बोलला नव्हता. त्याला दिसलं कुणीच नव्हतं.

झालं होतं ते असं. गेल्या महिन्यात एका सकाळी तो भट्टीसमोर उभा होता, हातात गरम भाकऱ्या. भट्टी कालव्याच्या पलीकडे. तिथून फाटकापर्यंत यायचं तर पुलाला वळसा घालून हजार पावलं. आपण ड्यूटीवर असताना इकडे कधी आलो, हे त्याला आठवेना. तेवढ्यात फाटकावरची घंटा वाजली. दहा चाळीसची गाडी आधीच्या स्टेशनातून सुटली की ती वाजते, आणि मग हातात चार मिनिटं असतात. तो पुलाच्या दिशेने धावत सुटला. फाटकावर गवताची गाढवगाडी रूळ ओलांडत होती, मागून एक टुकटुक रिक्षा येत होती. 

आणि मग समोर, कालव्याच्या पलीकडे, फाटकाचे दोन्ही दांडे खाली यायला लागले. घाई नाही, धक्का नाही. कुणीतरी सरावाच्या हाताने चाक फिरवावं, तसे. पुरते आडवे झाले. गाडी धडधडत निघून गेली. दांडे वर गेले. टुकटुकवाल्याने कुणाला तरी हात केला आणि तो पुढे गेला.

बस्यूनी धापा टाकत खोलीत पोचला तेव्हा आत कुणी नव्हतं. चाक किंचित हलत होतं. त्याने हात लावल्यावर थांबलं.

फाटकाशेजारी जर्जीरच्या भाजीच्या जुड्या विकणारी उम्म हाशिम बसलेली असते. सत्तरीची बाई, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. बस्यूनीने उगाच विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, आत्ता आत कोण होतं?"

"कोण असणार?" जुड्यांवर पाणी शिंपडत ती म्हणाली. "तू तर भाकरी आणायला गेलेलास. वीज आणलीय ना तुम्ही फाटकाला? बरं केलंत. तू गेलास तरी आपलं आपण पडतं. मी सुनेलाही सांगितलं, रेल्वे सुधारली म्हणून."

"कधीपासून पडतं?"

"अगं बाई, आता हे मला विचारतोयस! किती वर्षं झाली."

फाटकाला वीज नव्हती. आतल्या दिव्यालासुद्धा आठवड्यातून दोन दिवस नसायची.

बस्यूनी त्या रात्री जेवला नाही. कोण आहे, काय आहे, याचा विचार त्याने केला नाही; तो विचार करायला बसला की मन आपलं दुसरीकडेच जाई. एकच गोष्ट त्याच्या डोक्यात ठाण मांडून बसली. उद्या ते आलं नाही तर? आपण कालव्यापलीकडे, हातात भाकऱ्या, आणि ते आलं नाही तर? दुसऱ्याच आठवड्यात त्याने इनशिराहला सांगितलं की हुवैदा म्हणते त्या डॉक्टरकडे जाऊ. कारण मात्र सांगितलं नाही.

पहिले दोन आठवडे गोळीने काहीच झालं नाही. तोंड तेवढं वाळवंट झालं. इनशिराहने केलेले ताअमियाचे वडे डब्यातून तसेच परत येऊ लागले, तशी ती म्हणाली, "लक्ष येईल तेव्हा येईल, आधी माणूस तरी शिल्लक राहू दे."

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. सकाळी सातला त्याने ताबा घेतला, चहा ठेवला, आणि ग्लास तोंडाला लावताना त्याच्या लक्षात आलं की खोलीत फार शांत आहे. बाहेर सगळं होतं. कोंबडे, पाण्याचा पंप, उम्म हाशिमची कुरकुर. पण डोक्याच्या आत जे आयुष्यभर बाजारासारखं चालू असायचं, ते बंद झालं होतं. आठ वाजले. मग सव्वाआठ. मग साडेआठ. एक मिनिट संपून दुसरं लागतं, ते त्याला कळत होतं. वेळ इतका लांब असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्याची नजर ओट्यावर गेली. तिथे चहाचा आणखी एक ग्लास होता. वेंधळेपणात तो रोजच दोन ग्लास भरायचा. पहिला भरल्याचं विसरून दुसरा. निदान त्याला तसं वाटायचं. तीनला निघताना दोन्ही रिकामे असायचे आणि तो ते विसळून पालथे घालायचा. आज दुसरा ग्लास भरलेला होता. निवून गेलेला, वर साय धरल्यासारखा पातळ पापुद्रा. बस्यूनी त्याच्याकडे बघत राहिला. आपण दिवसभरात एकच चहा पितो, आणि तोही अर्धा, हे त्याला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं.

दहा छत्तीसला त्याच्या पाळीतली पहिली घंटा वाजली.

तो उठला नाही. त्याने हात मांडीवर ठेवले आणि चाकाकडे पाहत बसला. भीतीने बसला, की भरवशाने, हे त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. बघतोच आता, असं मनात होतं. पहिलं मिनिट गेलं. चाक हललं नाही. दुसरं गेलं. खोलीत काहीही नव्हतं. रिकाम्या खोलीत असतं तेवढंही नव्हतं. कुणीतरी उठून गेल्यावर खुर्ची जशी दिसते, तशी ती सबंध खोली दिसत होती.

रूळ गुणगुणायला लागले. बाहेरून उम्म हाशिमचा आवाज आला, "अरे बस्यूनी! दांडा! पोरी आहेत रुळावर!"

शाळेला निघालेल्या सहा-सात पोरी दप्तरं उडवत मधोमध आल्या होत्या. एक खाली वाकून चपलेचा बंद लावत होती.

बस्यूनीने चाकावर झेप घेतली. ते त्याला वाटलं होतं त्याच्या चौपट जड होतं. दात करकरले, खांद्यात कळ गेली. एका हाताने होईना, दोन्ही हात लावले. चाक फिरवता फिरवता खिडकीतून तो त्या पोरींवर असा काही ओरडला की त्या चिमण्यांसारख्या दोन्ही बाजूंना उडाल्या. दांडे खाली टेकले आणि गाडी आली. इंजिनचालकाने खिडकीतून हाताने विचारलं, काय रे, झोपला होतास का?

गाडी गेल्यावर उम्म हाशिम दारात आली. "वीज गेली वाटतं," ती म्हणाली. मग त्याचे हात बघून पाण्याचं मडकं घेऊन आली.

त्या दिवसापासून प्रत्येक गाडीला चाक त्यानेच फिरवलं. एकही घंटा त्याच्या कानाआड गेली नाही. दुसरा ग्लास त्याने पुन्हा दोनदा भरून ठेवला, मुद्दाम. दोन्ही वेळा तो तसाच ओतून द्यावा लागला.

महिन्याने डॉक्टरबाईंनी रक्तदाबाचा पट्टा बांधायला हात पुढे घेतला आणि उलटा करून पाहिला. तळव्यावर फोड फुटून सोललं होतं. दुसऱ्या हातावर तसंच.

"हे काय?"

"चाक."

"एकोणीस वर्षं फिरवताय ना?"

बस्यूनीने हात मागे घेतला. इनशिराह बोलली, हळूच, जणू स्वतःशीच. "शेतात राबत होते तेव्हा हाताला घट्टे होते. रेल्वेत लागले आणि एका वर्षात हात मऊ पडले, बाळंतिणीसारखे. मला वाटलं, सरकारी नोकरी म्हणजे असंच असणार."

रस्त्यावर कुणीतरी लिंबं विकत ओरडत होता, तो लांब गेला. मग बस्यूनीने सगळं सांगितलं. भट्टी, दांडे, ग्लास, मंगळवार. कुठेही न भरकटता, एकामागून एक. इनशिराह त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. इतकं सलग बोलताना तिने त्याला कधीच ऐकलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी पेन उचललं आणि परत ठेवलं. "हे मी कागदावर लिहिलं तर तुमची नोकरी जाईल, हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि न लिहिलं तर मला झोप लागणार नाही."

"तुम्ही म्हणाल तसं."

 मग त्यांनी ड्रॉवरमधून मलमाची नळी काढून इनशिराहच्या हातात दिली. "गोळीचा उपयोग होतोय. बंद करायचीय का तुम्हाला?"

"बंद केली तर तो परत येईल?"

"कोण?"

बस्यूनीने आपल्या सोललेल्या तळव्यांकडे पाहिलं.

"ते मला नाही सांगता येणार, भाऊ," डॉक्टरबाई म्हणाल्या. हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला होता.

"मग चालू ठेवा," बस्यूनी म्हणाला. "माझं काम दुसऱ्याच्या अंगावर टाकून मी एकोणीस वर्षं पगार खाल्ला. कुणी का असेना, त्याची सुटी व्हायला हवी."

डॉक्टरबाईंनी तीन महिन्यांची गोळी लिहून दिली. कागदावर बाकी काही लिहिलं नाही.

पुढल्या गुरुवारी तो तासभर लवकर निघाला. रात्रपाळीच्या माणसाकडून ताबा घेतला, खोली झाडली, बाक पुसला. पहिल्या गाडीला अजून अवकाश होता. पलीकडे बरसीमच्या चाऱ्याच्या शेतावर धुकं होतं, आणि उम्म हाशिमही आलेली नव्हती. बस्यूनी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गेलेल्या माणसासाठी फातिहाची प्रार्थना म्हणायची तर आधी त्याचं नाव घ्यावं लागतं. त्याने बापाचं नाव घेतलं, आईचं घेतलं. मग एकोणीस वर्षं चाक फिरवणाऱ्याचं नाव घ्यायचं होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं.  कुणी सांगेल म्हणून वाट पाहावी, तसा तो काही वेळ उभा होता.

फातिहा सात ओळींची असते. आजवर चौथ्या ओळीपर्यंत पोचता पोचता तो कुठेतरी निघून जायचा आणि ओठ आपले आपण पुरं करायचे. त्या सकाळी त्याने नावावाचून सुरुवात केली आणि शेवटच्या शब्दापर्यंत तो तिथेच होता.